ढमढेऱ्यांची पंगत

“माणगावे बाई, कीबोर्डवरचे हात काढा.”

सरनोबत सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचं वय अठ्ठावीस, माझं चोपन्न. मी आधी मागे वळून बघितलं, हे दुसऱ्या कुणाला तर म्हणत नाहीत ना. कारण ‘हात काढ’, ‘खाली ठेव’, ‘शेजारच्याचं बघू नको’ ही सगळी वाक्यं आजवर माझी होती. पहिली-दुसरीच्या पोरांना ती मी रोज वाटत आले होते. मला स्वतःला कुणी ती म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं.

“तुम्हालाच म्हणतोय. आत्ता सांगायची पाळी तुमची, लिहायची तरन्नुमची. ज्याच्या डोक्यात विचार, त्याच्या हातात कीबोर्ड नाही. तुमचा विचार तिच्या बोटांतून उतरला पाहिजे.”

“अहो सर, एक कंस तर टाकत होते.”

“कंससुद्धा नाही.”

शेजारी बसलेली तरन्नुम मुल्लाणी ओढणीत तोंड घालून हसली. सर पुढच्या जोडीकडे गेल्यावर हळूच म्हणाली, “बाई, तुम्हाला पट्टी बसली.”

“बसू दे. तीस वर्षांत पहिलीच आहे.”

कोल्हापुरात राजारामपुरीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर हा बूटकॅम्प चालायचा. बूटकॅम्प म्हणजे काय, ते मला तिथे जाईपर्यंत नीट माहीत नव्हतं. जाहिरातीत लिहिलं होतं की तीन महिन्यांत कोडिंग शिकवतो. म्हणजे कॉम्प्युटरला कामाला लावणारी भाषा लिहायला शिकवतो. मला वाटलं होतं टायपिंगच्या क्लाससारखं काहीतरी असेल. तास-दीड तास जायचं आणि घरी येऊन भाकरी थापायची. प्रत्यक्षात सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं, आणि आल्यावर भाकरी थापायची ताकद उरायची नाही.

पहिल्याच दिवशी सरनोबत सरांनी सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं होतं, “इथे रोज वाटणार की आपल्याला काहीच येत नाही. तसं वाटणं बरोबर आहे. ज्या दिवशी वाटायचं थांबेल, त्या दिवशी मला येऊन भेटा, काहीतरी बिघडलेलं असेल.” बाकीची सगळी पोरं विशी-पंचविशीची. ती हसली. मीही हसले, कारण हे वाक्य मला लागू आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मी इथे का आले ते सांगते. जयसिंगपूरच्या माझ्या शाळेत शेवटच्या वर्षी मुलांसाठी टॅब्लेट आले. त्यात पाढ्यांचा खेळ होता. पोरगं जरा विचार करायला थांबलं की पडद्यावर लाल फुली यायची आणि भोंगा वाजायचा. माझ्या वर्गातला एक मुलगा सहा सत्ते म्हटलं की छताकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि मग बरोबर सांगायचा. त्याला चार वेळा भोंगा वाजल्यावर त्याने छताकडे बघणंच सोडून दिलं. कुठेही बोट दाबायला लागला. मी तो टॅब्लेट कपाटात ठेवला आणि मनात म्हटलं, हे ज्याने बनवलं त्याला थांबता येत नाही. मला येतं. तर मीच बनवीन.

घरी हे सांगितल्यावर आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “उत्तम. प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही मी करणार.” मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रोज एसटीने कोल्हापूरला जायला लागले.

तर तरन्नुम. ती कागलची. इंजिनिअरिंग झालेलं. तिची बोटं कीबोर्डवर चालायला लागली की कढईत मोहरी टाकल्यासारखा आवाज यायचा. सरांनी प्रश्न सांगून संपवायच्या आत तिचं निम्मं लिहून झालेलं असायचं. हिला इथे काय शिकायचंय, हे मला पहिल्या दिवशी कळेना. दुसऱ्या दिवशी तिची सांगायची आणि माझी लिहायची पाळी आली, तेव्हा कळलं.

“ते… ते घ्या बाई. त्याच्यात हे टाका. न्हाई, तिकडं. मग ते तसं करा.”

“कशात काय टाकू?”

“ते ओ… ते नाही का…” आणि ती गप्प झाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिचा हात आपोआप कीबोर्डकडे आला आणि लांबून सरांचा आवाज आला, “तरन्नुम!”

चहाच्या सुट्टीत तिने सांगितलं. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. तिन्ही ठिकाणी लेखी परीक्षेत पहिली, आणि समोर बसवून “आता कसं केलंस ते सांग” म्हटलं की वाचा बसायची. “डोक्यात सगळं असतंय बाई. पण तोंडापर्यंत येईस्तवर त्याचं पीठ होतंय. बूटकॅम्प संपताना पुण्याची एक कंपनी येणार आहे. ते लोक असंच जोडीनं काम करून घेतात म्हणे, बोलून. तिथं पण गप्प बसले तर मग अवघड आहे.”

हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. दर वर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात असं एखादं पोर यायचंच. त्याला औषध एकच असतं: आपण थांबायचं. त्याच्या तोंडातलं वाक्य आपण पुरं करायचं नाही. ‘बोल, बोल’ म्हणायचं नाही. भुवया उंचावायच्या नाहीत. आपल्याला कुठेच जायचं नाही, असा चेहरा करून बसायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. ती “ते घ्या” म्हणाली की मी कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवायची आणि खिडकीतून समोरच्या गॅलरीतली वाळत घातलेले सांडगे बघायची. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली.

“बाई, तुम्हाला कळलंय मी काय म्हणते ते. लिवा की!”

“मला कळून काय उपयोग? या डबड्याला कळायला पाहिजे.”

“लई छळता तुम्ही.”

“अजून सुरुवात आहे.”

आठवडाभरात तिच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडायला लागलं. “विद्यार्थ्यांची यादी घ्या. एकेकाचं नाव बघा. गैरहजर असेल तर वेगळ्या यादीत टाका.” स्वच्छ, एकामागून एक, जणू भिंत रचत होती. सरनोबत सर जाता जाता थबकले, ऐकलं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! निवृत्त झाले तरी हात गेला नाही म्हटलं.

आणि माझी सांगायची पाळी आली की मग तर आमची गाडी धावतच सुटायची. मी पडद्याकडे बोट करून म्हणायची, “आता बघ हं तरन्नुम. यादी तर आपण घेतली. मग पुढे काय करायला हवं बरं?” की मोहरी तडतडायची. “छान! आणि हे संपलं की मग कुठे जायचं?” पुन्हा तडतड. “शाब्बास!” आमची जोडी सगळ्यांच्या आधी उठायची. रोज सकाळी तिथे एक पद्धत होती. सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय ते प्रत्येकाने सांगायचं. पोरं तक्रारींचा पाढा वाचायची. माझं रोजचं एकच, “मला काही अडत नाही.”

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सर आमच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, एक सांगू? तुम्ही तिला सांगत नाही. तुम्ही तिला विचारता.”

“शिकवायची हीच तर पद्धत आहे सर. उत्तर हातात दिलं की मूल आळशी होतं.”

“शिकवायची असेल,” सर म्हणाले. स्टूल उचलून गेले.

मला राग आला. माझ्या निम्म्या वयाचा मुलगा मला शिकवण्याबद्दल सांगतो! खाली टपरीवर चहा घेताना मी ते तरन्नुमला बोलूनही दाखवलं. ती कटवड्याचा तुकडा रश्शात बुडवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, एक विचारू? चिडू नका.”

“विचार.”

“काल ते निकालाचं करत होतो. मार्क सारखे आले तर नंबर कसा द्यायचा, तुम्ही मला विचारलं. ते तुम्हाला येत होतं ना?”

“अगं, येत असल्याशिवाय विचारीन का?”

“न्हाई, तेच म्हटलं,” ती म्हणाली आणि वडा संपवायला लागली.

मग निम्म्या वाटेवरची परीक्षा आली. बूटकॅम्पचं पहिलं दीड महिन्याचं शिकणं संपलं की जोडीजोडीने ती द्यायची. पुढचा अर्धा भाग प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी बनवायचं. म्हणजे माझा थांबणारा पाढ्यांचा खेळ तिथे व्हायचा होता, आणि तरन्नुमची पुण्याची कंपनीही त्याच्याच शेवटी यायची होती. जी जोडी नापास होईल ती मागे थांबणार, पुढच्या बॅचबरोबर पुन्हा पहिल्यापासून. एकटं कुणी पास किंवा नापास व्हायचं नाही. गुण जोडीला.

“बाई, मी मागं राहिले तर पुढच्या बॅचला ती कंपनी येईलच असं नाही,” तरन्नुम जिना चढताना म्हणाली.

“कोण राहतंय मागे? आपली जोडी पहिली येते की नाही बघ.” मी तर साडीसुद्धा शाळेच्या तपासणीला नेसायची ती नेसून आले होते.

परीक्षा घ्यायला पुण्याहून इनामदार मॅडम आल्या होत्या. बारीक चणीच्या, शांत, डोळ्यांवर जाड काचा. सरनोबत सर बाजूला भिंतीला टेकून उभे. मॅडमनी प्रश्न सांगितला. “लग्नाचा हॉल आहे. एका पंगतीत पन्नास पानं. पाहुणे घराघराने येणार. कुठल्या घरातली किती माणसं, ती यादी तुम्हाला दिलीय. एक घर शक्यतो एकाच पंगतीला बसवा. कोण कितव्या पंगतीला, ते प्रोग्रामने सांगायचं. आधी मुल्लाणी सांगतील, तुम्ही लिहा.”

तरन्नुमने दीर्घ श्वास घेतला. मी मनात म्हटलं, आता गप्प बसते की काय. पण ती बोलायला लागली. “आधी रिकामी पानं पन्नास धरा. यादीतलं एकेक घर घ्या. घर मावत असेल तर त्याच पंगतीत बसवा आणि तेवढी पानं कमी करा. मावत नसेल तर नवी पंगत सुरू करून तिच्यात बसवा.” कुठे अडखळली नाही. मी माझ्या गोगलगायीच्या चालीने लिहीत गेले. प्रोग्राम चालवला, तर एकामागून एक पंगती पडद्यावर नीट मांडून आल्या. चौगुले पहिल्या, मगदूम पहिल्या, बिरनाळे दुसऱ्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता पाळी बदला. माणगावे बाई सांगतील.” आणि त्यांनी यादीच्या डोक्यावर एक नवीन घर टाकलं. ढमढेरे. माणसं साठ.

तरन्नुमने ते चालवून बघितलं. पहिली पंगत अख्खी रिकामी गेली आणि दुसऱ्या पंगतीत साठच्या साठ ढमढेरे बसले. खाली लिहून आलं, शिल्लक पानं वजा दहा.

“दहा ढमढेरे फरशीवरच जेवतायत,” सर म्हणाले.

“घर पंगतीपेक्षा मोठं आहे,” मॅडम म्हणाल्या. “फोडून बसवलं तरी चालेल. पण पानावर बसवा. बोला बाई.”

मी पदर सारखा केला. पडद्याकडे बोट दाखवलं. “आता बघ हं तरन्नुम. साठ माणसं, पानं पन्नास. मग आपण इथे काय करायचं बरं?”

तडतड झाली नाही.

मी बघितलं. तरन्नुमने कीबोर्डवरचे हात उचलले होते आणि मांडीवर ठेवले होते. ती पडद्याकडेही बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती.

“तरन्नुम, काय करायचं इथे?”

“तुम्ही सांगा, बाई.”

आधी वाटलं, हिला येत नाही. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, हिला येतंय. चांगलं येतंय. कार्टी मुद्दाम बसलीय. इतके दिवस हिच्यासाठी मी जीव टाकला आणि परीक्षेच्या दिवशी ही मला उघड्यावर सोडते! डोक्यावर पंखा फिरत होता, त्याच्या एका पात्याचा दर फेरीला ‘टक’ असा आवाज यायचा. मी ते टक मोजायला लागले.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. “हवं तर हा भाग सोडू या. पुढचा प्रश्न—”

“थांबा मॅडम,” तरन्नुम म्हणाली. तिन्ही मुलाखतींत जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती पुण्याच्या परीक्षकांना थांबा म्हणत होती. “थोडं थांबा. त्यांना वेळ लागतो. पण येतं.”

हे माझं वाक्य होतं. शाळा तपासायला साहेब यायचे, एखाद्या पोराला उभं करायचे, ते पोर गप्प राहायचं, आणि साहेब दुसऱ्याकडे वळायला लागले की मी हेच म्हणायची. तिला मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं.

आणि तेव्हा मला ते दिसलं. तीस वर्षं मी प्रश्न विचारत आले. ‘मग काय करायचं बरं?’ पण तेव्हा त्याचं उत्तर माझ्या पदराच्या गाठीत बांधलेलं असायचं. मूल अडलं की गाठ जराशी सोडून दाखवायची. इथे आल्या दिवसापासून गाठ रिकामी होती. प्रश्न तोच, आवाज तोच, ‘बरं’ म्हणायची लकबसुद्धा तीच. उत्तर तरन्नुमच्या बोटांतून यायचं आणि ‘शाब्बास’ मी म्हणायची. मार्क सारखे आले तर नंबर कसा द्यायचा, ते मला येत नव्हतं. याद्यांचं येत नव्हतं. मला रोज अडत होतं.

“मला येत नाही,” मी म्हटलं.

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तरन्नुम खिडकीबाहेरच बघत होती.

वर्गात एखादं पोर ‘येत नाही’ म्हणालं तर मी काय करायची? म्हणायची, बरं, काय येतं ते सांग. मी स्वतःला तेच विचारलं. कोड नाही येत, पण पंगत येते. आमच्या जैनांकडची लग्नं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारी. पंगतीवर पंगती उठवताना वाढप्यांची काय त्रेधा उडते, ती मी जन्मभर बघितलीय. मोठं घराणं आलं की दारातला माणूस काय म्हणतो? पानं आहेत तेवढे बसा. उरलेले पुढच्या पंगतीला. आणि उरलेले म्हणजे कोण? उरलेले म्हणजे पुन्हा एक घरच. थोडं लहान घर. त्यांना पुन्हा तेच सांगायचं.

“लिही,” मी म्हटलं.

तरन्नुमचे हात कीबोर्डवर आले.

“या घरातली माणसं शिल्लक आहेत तोपर्यंत हेच करत राहायचं. काय करायचं ते सांगते. रिकामी पानं आहेत तेवढी माणसं बसवायची, माणसंच कमी असतील तर तेवढीच. पानं संपली की नवी पंगत सुरू करायची.” मी एकेक शब्द पायरीवर पाय ठेवावा तसा ठेवत होते. “लिहिलंस?”

“लिहिलं.”

“चालव.”

तिने खालचा ओठ दातांत धरला आणि बटण दाबलं.

पहिली पंगत, ढमढेरे, पन्नास. दुसरी पंगत, ढमढेरे, पन्नास. तिसरी पंगत, ढमढेरे, पन्नास. चौथी. पाचवी. मग वाचता येईना. पडद्यावरून ढमढेऱ्यांचा नुसता लोंढा वाहायला लागला. थांबायचं नावच नाही.

सरनोबत सर भिंतीला धरून हसत होते. “बाई, आचारी पळून जाईल!”

“थांबव, थांबव गं ते!”

तरन्नुमने थांबवलं. तेव्हा ढमढेरे मंडळी हजाराच्या पुढच्या कुठल्यातरी पंगतीला पन्नास-पन्नासने जेवत होती. मलाही हसू फुटलं. इतके दिवस आमच्या प्रोग्राममध्ये चुका व्हायच्या, पण त्यातली एकही माझी नव्हती. ही पहिली, नखशिखांत माझी.

मी खुर्ची पुढे ओढली आणि मुलांना वाचायला लावते तसं पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचत गेले. “माणसं शिल्लक आहेत तोपर्यंत. बरोबर. किती आहेत? साठ. पन्नास बसवली. बरोबर. पानं संपली. नवी पंगत. परत वर. माणसं शिल्लक आहेत का? किती?” माझं बोट थांबलं. “साठच. अगं, बसलेली माणसं वजा केलीच नाहीत मी. या बिचाऱ्याला वाटतंय साठच्या साठ ढमढेरे अजून उपाशीच उभे आहेत.”

तरन्नुमचे हात तयार.

“बसवलेली माणसं घरातून वजा कर.”

“कुठं लिहू?”

“बसवल्या बसवल्या लगेच. नवी पंगत सुरू करायच्या आधी.”

“लिहिलं.”

“चालव.”

पहिली पंगत, ढमढेरे, पन्नास. दुसरी पंगत, ढमढेरे, दहा. त्यांच्या पाठोपाठ त्याच पंगतीत चौगुले आणि मगदूम.

इनामदार मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्या माझ्याशी नाही, तरन्नुमशी बोलल्या. “तुम्हाला हे उत्तर आधीपासून येत होतं?”

“हो मॅडम.”

“मग लिहिलं का नाही?”

“त्यांनी सांगितलं नव्हतं.”

“आणि वजा करायचं राहिलंय, ते लिहिताना दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“तरी तसंच लिहिलंत.”

“तेपण त्यांनी सांगितलं नव्हतं मॅडम.”

मॅडम सरनोबत सरांकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. सरांनी मान हलवली. मग ते आम्हाला दारापर्यंत सोडायला आले आणि दार लावता लावता म्हणाले, “दोघी पुढे.”

बाहेर आल्यावर तरन्नुमने ओढणीने घाम पुसला. आम्ही कठड्याला धरून जिना उतरायला लागलो. मधल्या मजल्यावर मला राहवलं नाही.

“काय गं, मी तशीच बसून राहिले असते तर?”

“तर नापास.”

“तू पण झाली असतीस.”

“झाले असते की.”

“आणि पुण्याची कंपनी?”

तिने खांदे उडवले. “पुढच्या बॅचला परत बसलो असतो. दोघी.”

“इतकं सोपं?”

“सोपं कुठलं? तुम्ही बोलेना झालात तेव्हा मनात सगळी दुवा म्हणून झाली.”

“मग हात का नाही घातलास? एका मिनिटात सुटलो असतो.”

“तुम्ही बोलणार हे मला माहीत होतं.”

“कशावरून?”

ती दोन पायऱ्या खाली होती. वळून माझ्याकडे बघत म्हणाली, “मी नाही का बोलले?”

खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेली एकात एक रचत होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. तिनेही घाई केली नाही.